चार रेकॉर्डर, एक वीत अंतर

माझ्या दुकानात माणसं कागद घेऊन येतात. प्रतिज्ञापत्र, संमतीपत्र, खरेदीखत, कधी कुणाच्या मुलीचा बायोडेटा. कोर्टाच्या मागच्या गल्लीत एक गाळा, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि मी, एवढाच माझा पसारा. डॉक्टर मात्र पहिल्या दिवशी आले ते स्टीलचा लांबट डबा घेऊन. पूर्वी ज्यात काचेच्या सिरिंजा उकळायचे ना, तसला. मला वाटलं, हे गृहस्थ चुकून शेजारच्या दवाखान्याऐवजी माझ्याकडे शिरले. त्यांनी डबा टेबलावर ठेवला, थरथरत्या हाताने झाकण काढलं, आणि आत कापसावर चार व्हॉइस रेकॉर्डर ओळीने निजवलेले दिसले.

‘मराठी टाइप करता ना तुम्ही?’ त्यांनी विचारलं.

‘करते.’

‘कान कसे आहेत?’

आजवर गिऱ्हाइकांनी मला रेट विचारला होता, स्पीड विचारला होता, संध्याकाळपर्यंत होईल का म्हणून डोकं खाल्लं होतं. कान कुणी विचारले नव्हते. मी म्हटलं, ‘नवऱ्याचं सोडून सगळ्यांचं नीट ऐकू येतं.’ ते हसले नाहीत. लक्षण नोंदवून घ्यावं तशी त्यांनी मान हलवली आणि खुर्ची ओढून बसले.

डॉक्टर म्हणजे जनावरांचे डॉक्टर. सरकारी नोकरीतली सगळी वर्षं हरसूल, पेठ आणि शेवटी सिन्नर अशी काढून ते इंदिरानगरात राहायला आले होते. त्यांना एक पुस्तक करायचं होतं. जनावर आजारी पडलं, डॉक्टरला निरोप गेला, तर तो येईपर्यंत मालकाने काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, एवढंच त्यात असणार होतं. डोंगरातल्या पाड्यांवर डॉक्टर पोहोचेपर्यंत अर्धा दिवस जातो आणि त्या अर्ध्या दिवसात लोक घाबरून भलतंच करून बसतात, हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. पण हाताला कंप सुटला होता, त्यामुळे लिहिता येत नव्हतं. मेंदूच्या डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं की आज हात आहे, उद्या आवाजही असाच बारीक होत जाईल, काय सांगायचं ते सांगून घ्या. हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत, चहाचा कप दोन्ही हातांनी धरून, हवापाण्याचं बोलावं तसं सांगितलं.

आता तुम्हीच सांगा, एवढं कळल्यावर माणूस काय करील? दुसऱ्या दिवशी सकाळी पुस्तक सांगायला बसेल. डॉक्टरांनी चार महिने माईकची परीक्षा घेतली.

रेकॉर्डरना त्यांनी नावं दिली होती. काळी, ढवळी, जर्सी आणि खोंड. कंपनीचं नाव त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. काळी सगळ्यात जुनी आणि सगळ्यात मोठ्या कानांची. डॉक्टरांच्या बोलण्याबरोबर ती पंखा ऐकायची, घड्याळ ऐकायची आणि शेजारणीची भांडणंही ऐकायची. ढवळी चंदेरी, तिला डावा-उजवा असे दोन माईक. ‘ही चारचौघांत बसवायला बरी,’ डॉक्टर म्हणायचे, ‘एकट्या माणसाचं ऐकताना हिचं लक्ष उडतं.’ जर्सी सगळ्यात महाग. तिला आवाज कमी-जास्त घ्यायचं बटण, घरघर गाळायचं बटण, आणखी कसली कसली बटणं. तिच्याबद्दल त्यांचं मत असं की दूध भरपूर, पण लाड फार. खोंड ऑनलाइन मागवलेला, स्वस्तातला. तोंडाला लावल्याशिवाय तो काही ऐकायचाच नाही.

परीक्षेची पद्धत ठरलेली होती. टेबलावर टॉवेलची चौपदरी घडी, कारण उघड्या लाकडावर ठेवलं तर टेबलाची ठकठक आत जाते. घडीवर चौघं शेजारी शेजारी. तोंडापासून अंतर एक वीत, स्वतःच्या वितीने मोजलेलं. आणि तोंड समोर नाही, जरा बाजूला. ‘गायीकडे समोरून जायचं नाही, कुशीने जायचं,’ ते मला शिकवायचे. ‘माईकलाही तसंच. समोरून बोललात तर फूफू ऐकू येतं, शब्द नाही.’ मग ते उतारा म्हणायचे. उतारा एकच. पोटफुगीचा. जनावराची डावी भकाळी, म्हणजे बरगड्यांमागचा खोलगट भाग, वर आली असेल तर त्याला पुढचे पाय उंचावर येतील असं उभं करावं, गोडं तेल पाजताना मान फार वर ओढू नये, तेल श्वासात जातं, असा तो अकरा वाक्यांचा उतारा होता.

एकाच वेळी चौघांनी ऐकलेलं ते चार फायलींत यायचं. फायलींची नावं काकू बदलून द्यायच्या, म्हणजे कुठली फाईल कुणाची हे मला कळू नये. काकू म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी. मग मी हेडफोन लावून चारही फायली टाइप करायच्या. ऐकू आलं ते लिहायचं, नाही आलं तिथे आडवी रेघ मारायची. त्यांचा एकच दंडक होता. अंदाज करायचा नाही. ‘अंदाजाने औषध दिलं की जनावर मरतं, बाई,’ ते म्हणायचे. माईक चांगला की वाईट हे त्यांच्या मते दुकानदार सांगू शकत नाही, ज्याचा आवाज आहे तोही सांगू शकत नाही, फक्त टाइप करणारीच्या रेघा सांगतात. रेघा मोजून ते वहीत लिहायला लावायचे. काळी, पंखा चालू, सहा रेघा. ढवळी, पंखा बंद, चार. सुरुवातीला मला हे सगळं डोक्याला ताप वाटायचं. पण खरं सांगते, त्या रेघांमुळे मला कोर्टाच्या कामात कधी कुणी दिला नाही एवढा मान मिळाल्यासारखं वाटायचं.

परीक्षेला जागा पुरेनाशा झाल्या. घरात कुकरची परीक्षा झाली. काकू ओट्यापाशी उभ्या राहून विचारायच्या, ‘अहो, लावू का?’ आणि डॉक्टर आतून म्हणायचे, ‘लाव, तीन शिट्या होऊ देत.’ वरण दोनदा जास्त शिजलं. मग शहरातल्या द्वारकेच्या चौकात, भर गर्दीच्या वेळी, रिक्षात. मीही बरोबर होते. मागे ट्रकचे हॉर्न, पुढे बसवाल्याच्या हाका, आणि मधे डॉक्टर मांडीवर टॉवेलची घडी ठेवून गोडं तेल पाजतायत. रिक्षावाल्याने आरशातून तीन वेळा पाहिलं. शेवटी त्याने विचारलं, ‘काका, कुठं भाषण आहे का?’ डॉक्टर म्हणाले, ‘गायीचं पोट फुगलंय.’ त्याने बिचाऱ्याने रिक्षा जोरात काढली. त्या दिवशी खोंड पहिला आला. दूरचं ऐकायचंच नाही हा त्याचा दुर्गुण गर्दीत उपयोगी पडला, आणि डॉक्टर दिवसभर खुशीत होते.

मी एकदा त्यांना म्हटलं होतं की हल्ली फोनमध्ये बोललं की आपोआप टाइप होतं, माझी गरजच काय? माझ्याच पायावर धोंडा, पण म्हटलं. त्यांनी लगेच करून पाहिलं. फोनने सगळं व्यवस्थित लिहिलं, फक्त भकाळीच्या जागी दर वेळी आभाळ आलं. डाव्या बाजूचं आभाळ वर आलं असेल तर जनावराला उभं करावं. डॉक्टर चष्मा कपाळावर चढवून ते वाचत राहिले. मग शांतपणे म्हणाले, ‘त्याला कुणी गोठ्यात नेलेलं नाही, त्याची चूक नाही.’ पण फोन परत खिशात गेला तो गेलाच.

अधूनमधून मी टोचायचे. ‘डॉक्टर, आता पुस्तक सांगायला लागा. वेळ चाललाय.’ त्यांचं उत्तर ठरलेलं, की काटा तपासल्याशिवाय वजन करायचं नाही. एकदा मी म्हटलं, निदान उतारा तरी बदला, मला झोपेत म्हणता येतो. तर म्हणाले, ‘उतारा बदलला तर तुलना कशाशी करणार? मग माईक सुधारला की उतारा सोपा होता, कसं कळणार?’ त्यांचं म्हणणं बिनतोड होतं. मी पुन्हा हेडफोन लावला. तिथेच आमचं दोघांचं चुकलं, पण ते कळायला अवकाश होता.

हरसूलच्या बाजाराला आम्ही तिघं जीपने गेलो. वाऱ्यात आणि बाजाराच्या कालव्यात माईक काय करतो ते त्यांना पाहायचं होतं. रेकॉर्डरना स्पंजाच्या टोप्या घातल्या होत्या. एका कोंबड्यावाल्याशेजारी बाकड्यावर टॉवेलची घडी पडली, आणि उतारा सुरू होतो न होतो तोच एक म्हातारा समोर येऊन उभा राहिला. ओळखीचा होता. त्याच्या दोन डांगी गायी डॉक्टरांनी एका पावसाळ्यात वाचवल्या होत्या. डॉक्टरांनी त्याला बरंच काही विचारलं. घर, गायी, मुलगा. म्हातारा कान पुढे करून ऐकत राहिला आणि मग म्हणाला, ‘डाक्टर, काय बोलता ते ऐकू येत नाय. लय बारीक झाला आवाज. पहिलं तुम्ही वढ्याच्या पल्याडून हाक दिली का गाय उभी राहायची.’

डॉक्टर म्हणाले, बाजार आहे, कालवा आहे. म्हातारा हो म्हणाला. काकूंनी कोंबड्यांकडे तोंड फिरवलं. मला मात्र ते जास्त लागलं, कारण मी चार महिने हेडफोन लावून तोच आवाज ऐकत होते आणि तो खाली खाली चाललाय हे मला त्यांच्याआधी कळायला हवं होतं. का कळलं नाही, ते सांगते. माझ्या रेघा वाढत नव्हत्या, कमी होत होत्या. त्या उताऱ्याचा शब्द अन् शब्द मला पाठ झाला होता. आवाज यायच्या आधीच कानात वाक्य तयार असायचं, आणि बोटं ते लिहून मोकळी व्हायची. मी अंदाज करत होते आणि मला पत्ता नव्हता.

हरसूलहून आल्यावर मात्र पत्ता होता. इथे मी स्वतःला सोडणार नाही. परत आल्यावर मी त्या फायली नीट, मन लावून ऐकल्या. सगळ्यात वाईट फायलीत, ती जर्सीची होती हे मागाहून कळलं, निम्मे शब्द येतच नव्हते. प्रामाणिकपणे टाइप केलं असतं तर तीसेक रेघा झाल्या असत्या, आणि त्या रेघा माईकच्या नसून आवाजाच्या आहेत हे डॉक्टरांसारख्या माणसाला एका नजरेत कळलं असतं. बाजारात म्हाताऱ्याने म्हटलेलं मी पुन्हा कागदावर कशाला म्हणू, असं मला वाटलं. जीव तुटला हो माझा. मी त्या फायलीतले सगळे शब्द भरले. एकही रेघ नाही असा कागद मी त्यांच्या हातात दिला.

डॉक्टरांचा चेहरा असा काही उजळला की मला त्या वेळी आपण पुण्याचं काम केलं असंच वाटलं. ‘जर्सी,’ ते म्हणाले. ‘वाऱ्यात, बाजारात, आवाज कमी घ्यायचं बटण दाबलेलं असताना शून्य रेघा. संपलं.’ बाकी तिघं डब्यात गेले. दुसऱ्या दिवसापासून डॉक्टर रोज सकाळी दीड तास, तेच बटण दाबून, जर्सीसमोर बसायला लागले. अर्धवट काम कुणाला दाखवायचं नाही हा त्यांचा स्वभाव, म्हणून दोन महिन्यांनी सगळं पुस्तक सांगून झाल्यावरच मेमरी कार्ड माझ्याकडे आलं. मधे त्यांनी स्वतः थोडं ऐकून पाहिलं होतं म्हणे. पण स्वतःचं बोलणं स्वतःला पाठच असतं. त्यांनाही सगळं ऐकू आलं.

मी पहिली फाईल लावली. खुरांच्या आजाराचं प्रकरण. मला त्यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. लांब कुठेतरी कुणीतरी बोलतंय, एवढंच ऐकू येत होतं. आवाज वाढवला तर खरखर वाढली आणि ते बोलणं खरखरीत बुडालं. कॉम्प्युटरवर साफ करून पाहिलं, एका ओळखीच्या रेकॉर्डिंगवाल्याकडे नेलं. तो म्हणाला, आवाज आत गेलाच नाही तर बाहेर काय काढू? सतरा प्रकरणं होती. आठवडाभर मी खपले आणि जे काही हाताशी आलं त्यात शब्दांपेक्षा रेघा जास्त होत्या. त्यांच्या आवाजाचे शेवटचे बरे दोन महिने माझ्या दयेपायी वाया गेले होते. खोटं कशाला बोलू, दुकानाचं शटर अर्धं ओढून मी रडले.

मग उठले आणि इंदिरानगरला गेले. डॉक्टर खिडकीपाशी बसले होते. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. पाठ झालेलं, हरसूल, तीस रेघा, भरलेले शब्द. काहीही सोडलं नाही. काकू भाजी निवडायच्या थांबल्या. डॉक्टरांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. मला वाटलं आता ते ओरडतील, आणि ओरडण्याइतका आवाजही त्यांच्याकडे उरलेला नाही हे त्याच वेळी आठवलं.

‘हरसूलच्या वेळी तीस होत्या?’ त्यांनी विचारलं. मला पुढे वाकून ऐकावं लागलं.

‘तीस तरी.’

‘मग मला तेव्हाच कळायला हवं होतं, बाई. मी उतारा बदलायला हवा होता.’ थोडं थांबून म्हणाले, ‘तुम्ही म्हणाला होतात.’

मी माफी मागितली. त्यांनी ती ऐकली, पण असू दे, जाऊ दे, असलं काही ते बोलले नाहीत. बोलले असते तर मला बरं वाटलं असतं, पण ते त्यांच्या स्वभावात नव्हतं आणि माझ्या हक्कातही नव्हतं. त्यांनी फक्त विचारलं, सकाळी साडेसहाला येता येईल का.

मी रोज जाऊ लागले. नवऱ्याने डबा करायचं काम अंगावर घेतलं, बिनतक्रार. आता रेकॉर्डर माझ्यासमोर असायचा आणि डॉक्टरांच्या तोंडासमोर, एक वीत अंतरावर, जरा बाजूला, माझा कान. ते एक वाक्य बोलायचे. मी ते मोठ्याने रेकॉर्डरमध्ये म्हणायचे. बरोबर असेल तर ते डोळे मिटायचे, चूक असेल तर बोट वर करायचे. डोस आला की दोनदा. एक प्रकरण व्हायला कधी तीन सकाळी लागायच्या, कधी पाच. डॉक्टर दमायचे. मधेच काकू लिंबाचं सरबत आणून ठेवायच्या आणि चमच्याने पाजायच्या, आणि मी तेवढ्या वेळात खिडकीबाहेर पाहायचे. खुरं झाली, कास झाली, विषबाधा झाली, अडलेली गाय झाली. आवाज दिवसेंदिवस वाऱ्यासारखा होत गेला, पण सोळा प्रकरणं झाली. पुस्तक आज हरसूलच्या दवाखान्यात स्पायरल बांधून ठेवलेलं आहे, आणि लोक त्याची झेरॉक्स करून नेतात.

पण तेव्हा सतरावं राहिलं होतं. जनावर वाचणार नाही हे दिसत असताना मालकाने काय करावं, याचं ते प्रकरण. मेमरी कार्डावरच्या त्या फाईलमधून मला सगळे मिळून नऊ शब्द ऐकू आले होते. पुस्तकात ते सव्वा पानाचं आहे, आणि त्या सव्वा पानाला अकरा सकाळी लागल्या. डॉक्टर गेले त्यानंतर मला सारखी आठवते ती त्यातली पहिली सकाळ.

ते उशांना टेकून बसले होते. मी कान जवळ नेला. त्यांनी बोलायला सुरुवात केली आणि नुसता श्वास आला. मधे एक शब्द होता, ‘मालकाने’. शेवटी एक होता, ‘हात’. बाकी काही नाही. वाक्य संपवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी ते म्हणायची वाट बघत. कपाळावर घाम आला होता.

मालकाने जवळ बसून त्याच्या मानेवरून हात फिरवावा. असंच काहीतरी असणार, दुसरं काय असेल? इतक्या सकाळी त्यांच्याबरोबर काढल्यावर मला ते वाक्य सहज जमलं असतं. डॉक्टरांच्या मागे काकू उभ्या होत्या. त्यांनी हात जोडले आणि मानेने मला खूण केली, म्हणून टाका काहीतरी, हो म्हणा, दमलेत ते. काकूंनी आजवर माझ्याकडे काहीच मागितलं नव्हतं. मी रेकॉर्डर हातात घेतला, तोंड उघडलं, आणि परत खाली ठेवला.

‘डॉक्टर,’ मी म्हटलं, ‘मला नाही ऐकू आलं.’

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. डॉक्टर माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी हात उचलून माझ्या डोक्यावर ठेवला, माझा कान आणखी जवळ घेतला, आणि तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.